रायफल उत्तम स्थितीत आहे

जुनी शिकारी रायफल विकत घेण्यापूर्वी ती नीट पारखून घ्यावी, हे कोणीही शहाणा माणूस मान्य करील. मी तर चौतीस वर्षं विजेच्या कचेरीत कार्यालय अधीक्षक होतो. पाहिल्याशिवाय, तपासल्याशिवाय आणि खाली तारीख घातल्याशिवाय मी जन्मात कधी सही केली नाही. निवृत्तीच्या दिवशी गळ्यात घातलेल्या हाराचीसुद्धा मी लेखी पोच दिली आहे. तेव्हा पुढे जे घडलं, त्यात माझ्याकडून, म्हणजे दिवाकर पोतनीसाकडून, तपासणीत काही कसूर झाली असं कोणाला वाटत असेल, तर त्यांनी ते मनातून काढून टाकावं. रायफल उत्तम होती आणि आजही उत्तम आहे.

मला ती शिकारीसाठी नको होती. मी उंदराला भितो, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मला ती पाटीसाठी हवी होती. आमच्या इंदूरला संस्थानकालीन मराठी कुटुंबांचं एक गौरव मंडळ आहे. मंडळाने गेल्या वर्षीपासून ‘वारसा कुटुंब’ अशी पितळी पाटी द्यायची टूम काढली. पाटी मिळाली की तुमचं घर रविवारच्या वारसा फेरीत घेतात. म्हणजे सकाळी नऊ ते अकरा या वेळात पंधरा-वीस अनोळखी माणसं चपला बाहेर काढून आत येतात, भिंतींकडे बघतात, जीरावन मसाला भुरभुरून पोहे खातात आणि जातात. आमच्या अन्नपूर्णा भागात तीन घरांना पाटी लागली. त्यातलं एक अगदी आमच्या समोरचं. त्यांच्याकडे म्हणे पणजोबांचा हुक्का निघाला. हुक्का! आणि आम्ही पोतनीसांनी काय हात चोळत बसायचं?

पाटीसाठी तीन पुरावे लागतात: एक छायाचित्र, एक कागद, एक वस्तू. आमचे आजोबा संस्थानच्या फरासखान्यात कारकून होते. तंबू मोजून द्यायचे आणि मोजून परत घ्यायचे, हे त्यांचं काम. पण एकतीस सालच्या एका शिकारीच्या छायाचित्रात ते आहेत. मेलेल्या वाघाच्या शेपटीकडच्या बाजूला, कुणा विलायती पाहुण्यावर छत्री धरून उभे. छत्री आणि पाहुणा एवढं कापलं की वाघाजवळ आजोबा एकटेच उरतात आणि त्यांचा हात विजयी मुद्रेने वर गेलेला दिसतो. मी ते कापलं. कागद म्हणून त्यांचा एक रजेचा अर्ज होता. राहिली वस्तू.

मंडळाचा सचिव सुजय माझा फॉर्म भरून घेत होता. वर्गणीच्या चार पावत्या फाडणारा हा माणूस, पण पाट्या सुरू झाल्यापासून त्याच्या बोलण्यात दरबारी थाट आला होता.

“आजोबा शिकारीत होते म्हणताय,” तो म्हणाला, “मग रायफल असेलच घरात?”

शेजारच्या खुर्चीवर हुक्केवाले बसले होते. त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं. माझं डोकंच फिरलं.

“असेल म्हणजे काय? आहे!” मी म्हणालो.

सुजयने फॉर्मवर ‘रायफल, एक’ असं लिहिलं आणि समिती दहा ऑगस्टला पाहणीला येईल असं सांगितलं. हे मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात घडलं.

चौकशी करता करता स्नेहलतागंजमधल्या लीलाताई मुजुमदारांचं नाव कळलं. वय चौऱ्याहत्तर, घरात एकट्या. यजमान विष्णुपंत अकरा वर्षांपूर्वी गेले. परवाना त्यांच्या नावे होता, त्यामुळे त्यांच्याबरोबर तोही संपला. रायफल मात्र मागे राहिली.

आपल्याकडे कुठलीही मोठी वस्तू घरात आणायची म्हणजे स्थळ पाहायला जातात तसंच जावं लागतं. एकट्याने जायचं नाही, आधी भाव विचारायचा नाही आणि पोहे आल्याशिवाय विषयाला हात घालायचा नाही. मी बरोबर भाचा जयेशला घेतलं. तो सांवेर रोडवर पंपांच्या कारखान्यात तपासनीस आहे. बंदूक त्याने आयुष्यात हातात धरली नव्हती, पण सहा रात्री मोबाइलवर चित्रफिती बघून त्याने पंधरा मुद्द्यांची यादी टाइप करून आणली होती. खाली ‘तपासले’ आणि ‘मंजूर’ असे दोन सह्यांचे रकानेही होते. माझा भाचा शोभतो.

पोहे झाले. लीलाताई आत गेल्या आणि विष्णुपंतांच्या जुन्या धोतरात गुंडाळलेली रायफल दोन्ही हातांवर घेऊन आल्या. ती त्यांनी चटईवर ठेवली आणि स्वतः भिंतीला टेकून बसल्या.

“वय?” मी विचारलं.

“अठ्ठावीस सालची. विलायतेतली.”

“वाटत नाही हो.”

“वापर कुठे झालाय? सासऱ्यांनी काय दोन-चार वेळा केला असेल तेवढाच. ह्यांनी फक्त दसऱ्याला हळदकुंकू वाहिलं. घराबाहेर गेलीच नाही.”

“काही दोष असेल तर आत्ताच सांगा, ताई. नंतर कळलं की मन कडू होतं.”

“दस्त्याला मुठीपाशी बारीकशी चीर आहे. लपवत नाही मी.”

जयेशने चीर पाहिली. दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा निघाला. बोल्टवरचा आकडा आणि नळीवरचा आकडा त्याने तीन वेळा ताडून पाहिला. एकच होता, म्हणजे मागाहून भाग बदललेले नव्हते. मग बोल्ट काढून एका टोकाला विजेरी धरली आणि दुसऱ्या टोकाने आत डोकावला.

“मामा, अंदर एकदम क्लिअर!” तो ओरडला. “नळीतल्या चऱ्या कशा खणखणीत आहेत बघा. गंज नाही, खड्डे नाहीत. वरचा रंगपण ओरिजिनल आहे यार, कोणी नंतर फासलेला नाही.”

शेवटी कारखान्यातून आणलेला व्हर्नियर लावून त्याने नळीचं तोंड मोजलं. झिजलेलं नव्हतं. पंधरापैकी साडेचौदा गुण पडले. अर्धा चिरेपायी गेला.

एवढ्या वेळात माझं लक्ष दाराशी ठेवलेल्या बॅगेकडे गेलं. भरलेली, कुलूप लावलेली, वर एक घडी केलेली शाल.

“कुठे निघालात की काय?”

“निघालेय कसली! चैत्रापासून भरून ठेवलीय,” लीलाताई म्हणाल्या. “माझी धाकटी बहीण मंजिरी धुळ्याला असते. लग्न केलं नाही तिने, शाळेत मास्तरीण होती. चैत्रात तिची उजवी बाजू गेली. वाचाही गेल्यातच जमा. शेजारची बाई दोन वेळा भरवून जाते. पण ती काय बोलते ते कोणाला समजत नाही हो. फोनवर नुसतं ऊं ऊं करते, ते मला एकटीलाच कळतं. पाणी म्हणते, खिडकी म्हणते, कधी येतेस म्हणते.” त्यांनी पदराने डोळे पुसले. “आणि मी इथे या रायफलीला राखण बसलेय!”

“पोलीस थान्यात जमा करायची ना,” जयेश म्हणाला.

“चार वेळा गेले. म्हणतात, मालखाना भरलाय, जागा नाही, घरीच जपून ठेवा. घरी ठेवली की नोटीस येते, परवाना नसताना ठेवली का? घराला कुलूप घालून गेले आणि चोरी झाली तर मी आत. बरोबर न्यायची म्हटलं तर बसमध्ये हे लांबडं कुठे लपवू? आणि विकायची तर परवानावालाच हवा.” त्या माझ्याकडे वळल्या. “दिवाकरराव, पैशाचं काय द्यायचं ते द्या, नाही दिलंत तरी चालेल. तुम्ही ही उचललीत की दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या गाडीने मी धुळ्याला.”

मला भरून आलं. खरंच सांगतो, आलं. मी त्यांना शब्द दिला की महिनाभरात तुम्ही बहिणीजवळ असाल. पण तोपर्यंत रायफल तुमच्याकडेच राहू द्या, म्हटलं, कारण नियम म्हणजे नियम.

परवाना कक्षातले साहेब अत्यंत सज्जन होते. शिवाय मराठी निघाले, त्यामुळे नकार मातृभाषेत मिळाला.

“प्रयोजन काय लिहू?” त्यांनी विचारलं.

“रायफल शिकारी आहे.”

“शिकार बंद आहे. बहात्तर सालापासून.”

“मी करणारच नाही.”

“शिकार करणार नाही, तर शिकारी रायफल कशाला?”

“भिंतीवर लावायला.”

“भिंतीवर लावायला परवाना मिळत नाही.”

“मग परवान्याशिवाय लावू?”

“लावा. अटक होईल.”

“बरं, ती निकामी करून लावली तर?”

“उत्तम. निकामी करण्याची परवानगी मिळते. पण तसा अर्ज फक्त परवानाधारकाला करता येतो.” साहेबांनी मला पाणी दिलं. “पोतनीसजी, आता एकच प्रयोजन उरतं. आत्मसंरक्षण. तुमची तब्येत चांगली असल्याचा दाखला आणा आणि रकाना सतरा भरा.”

रकाना सतरा असा होता: ‘ज्या व्यक्तीपासून जिवास धोका आहे तिचे नाव, पत्ता व अर्जदाराशी संबंध.’

तब्येतीचं आधी उरकलं. डॉक्टरांनी माझ्या कानात विजेरी मारून आत डोकावून पाहिलं. डोळे तपासले, हात पुढे करून बोटं थरथरतात का ते पाहिलं, गुडघे वाकवून सांधे किती सैल झालेत ते बघितलं आणि पुरवलेल्या तक्त्यावर मला पंधरापैकी नऊ गुण दिले. रायफल माझ्यापेक्षा चौतीस वर्षांनी मोठी आहे, हे मी त्यांना सांगितलं नाही. नऊला उत्तीर्ण करतात.

पण शत्रू? शत्रू कुठून आणू? मी हुक्केवाल्यांकडे गेलो आणि आडून आडून विचारलं की, तुम्हाला माझ्याबद्दल काही आकस वगैरे? ते म्हणाले, “छे हो दिवाकरराव, तुमच्याबद्दल काही वाटावं असं तुमच्याकडे आहे काय?” चुलतभावाशी जमिनीचा दावा होता, तोही त्या मेल्याने गेल्या वर्षी आपसात मिटवून टाकला होता. शेवटी नोकरीतल्या आठवणी काढल्या. एका गृहस्थांचं मीटर मी सहा वर्षं अडवून ठेवलं होतं, तीन वेळा फाइल हरवली होती. तो माणूस तरी माझं नाव काढून दात खात असेल अशी आशा होती. घर शोधत गेलो तर तो माझ्या पाया पडला. “साहब, आपकी वजहसे छतपर सोलर लगवाया. जिंदगीभरका बिल बच गया.” मी बाहेर येऊन कट्ट्यावर बसलो. मला रडू येत होतं. चौतीस वर्षं मान मोडून लोकांची कामं अडवली आणि साधा एक शत्रू पदरात पडू नये!

अशा अवस्थेत मला भूषण भेटला. परवाना कक्षाच्या बाहेर कडुनिंबाखाली स्कूटर उभी करून तिच्या सीटवर तो अर्ज भरून देतो आणि स्वतःला सलाहकार म्हणवतो. हाही मराठीच, पण कचेरीच्या आवारात त्याच्या तोंडून निम्मं हिंदीच निघतं.

“टेन्शन मत लो, भिया,” तो म्हणाला. “दुश्मन शोधायला काय जाता? तो तयार करायचा. एक धमकीचं पत्र पाहिजे. आणि पत्र देणाऱ्याकडे हथियार असलं ना, तर फाइल अशी पळते की पूछो मत. आपल्या पहचानमध्ये आहे कोणी हथियारवाला?”

माझ्या पहचानमध्ये एकच व्यक्ती हथियारवाली होती.

मी आणि भूषण स्नेहलतागंजला गेलो. लीलाताईंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांनी फक्त एक गोष्ट विचारली.

“हे लिहून दिलं की मला जाता येईल?”

“पंधरा दिवसात धुळे, ताई,” भूषण म्हणाला. “साहेब परवाना देणार, हे रायफल उचलणार, तुम्ही बसमध्ये. किस्सा खतम.”

त्यांनी चष्मा लावला, रेघांचा कागद घेतला आणि सुवाच्य अक्षरात पत्र लिहिलं. ते माझ्या फाइलला जोडलेलं आहे.

‘श्री. रा. रा. दिवाकरराव पोतनीस यांसी, स. न. वि. वि. पत्रास कारण की, आपण माझ्या वाटेस गेल्यास मी माझ्याजवळील रायफलीने आपणांस गोळी घालीन. तरी आपण काळजी घ्यावी. सौ. वहिनींस नमस्कार, मुलांस आशीर्वाद. कळावे, लोभ असावा ही विनंती. आपली, लीला मुजुमदार.’

“ताई, धमकीत अरे-तुरे पाहिजे,” भूषण म्हणाला.

“दोनदाच भेटलेय मी त्यांना. अरे-तुरे कसं लिहू?”

मला हसू आवरेना, भूषणही हसायला लागला. लीलाताईंनी बॅगेवरची शाल उचलून पुन्हा घडी घालून ठेवली.

यानंतर यंत्रणेने जी तत्परता दाखवली, तिचं मी जाहीर कौतुक करतो. सत्तावीस जुलैला पत्र सादर झालं. अठ्ठावीसला चौकशी झाली. चौकशीत असं आढळलं की, सदर महिला खरोखरच सशस्त्र असून तिच्याकडे अकरा वर्षं वैध परवाना नाही. तिची बॅग भरलेली आहे, म्हणजे ती गुन्हा करून पळून जाण्याच्या तयारीत आहे. आणि पत्रातल्या ‘सौ. वहिनींस नमस्कार’ यावरून तिला अर्जदाराच्या कुटुंबाची संपूर्ण माहिती आहे. एकोणतीसला रायफल पुरावा म्हणून जप्त झाली. ज्या मालखान्यात अकरा वर्षं जागा नव्हती, तिथे पुराव्यांसाठी वेगळं कपाट होतं आणि ते रिकामं होतं. लीलाताईंवर जिल्हा सोडून न जाण्याची आणि दर सोमवारी हजेरी देण्याची अट घालण्यात आली. वयाचा विचार करून त्यांना बसायला बाक मंजूर झाला.

चार ऑगस्टला मला परवाना मिळाला. त्यावर माझा फोटो, रायफलीचा आकडा आणि ‘धोक्याचे स्वरूप: गंभीर’ अशी नोंद होती. ज्या वस्तूसाठी परवाना होता, ती वस्तू मला ज्या धोक्यापासून बचाव करायचा होता त्याच धोक्याचा पुरावा म्हणून जमा होती. खटल्याचा निकाल लागेपर्यंत ती मला मिळणार नव्हती.

मी लगेच साहेबांकडे धावलो. कोणी काही म्हणो, मी धावलो.

“साहेब, ही बाई निरुपद्रवी आहे. तिची बहीण धुळ्याला अंथरुणाला खिळलीय. मला तक्रार मागे घ्यायची आहे.”

“घ्या की,” साहेब म्हणाले. “एका पानाचा अर्ज द्या. अर्ज आला की त्याच दिवशी त्या मोकळ्या.”

“वा! द्या, कागद द्या.”

“पण धोका नाही म्हटल्यावर परवानाही नाही. तो परत करावा लागेल. आणि खोटी तक्रार केल्याबद्दल तुम्हाला समज द्यावी लागेल. लेखी.”

मी कागद हातात घेऊन उभा राहिलो. समज म्हणजे काही फाशी नव्हे, हे मला कळतं. पण चौतीस वर्षांत माझ्या सेवापुस्तकात एक शाईचा डाग नाही. आणि समिती सहा दिवसांवर आली होती. मी साहेबांना म्हणालो, विचार करून सांगतो. ते म्हणाले, अवश्य, घाई नाही. फक्त सहा दिवसांचा प्रश्न आहे, दहा तारीख झाली की अकराला अर्ज, असं मी मनाशी पक्कं केलं.

दहा ऑगस्टला समिती आली. कापलेलं छायाचित्र, रजेचा अर्ज आणि मधोमध सोनेरी चौकटीत परवाना. सुजयने चष्मा पुसून परवाना दोनदा वाचला.

“मूळ रायफल?”

“सरकारी ताब्यात. सुरक्षेच्या कारणास्तव.”

“म्हणजे अजून चालू स्थितीत आहे!” त्याने कानाला हात लावले. “पोतनीस साहेब, आमचं चुकलं हो. हुक्के काय, पैशाला पासरी मिळतात. सरकारला ज्याची धास्ती वाटते असा वारसा इंदूरमध्ये दुसरा नाही.”

हुक्केवाल्यांचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता. पाटी त्याच आठवड्यात लागली. ती उचकटून नेण्याचीही तरतूद मंडळाच्या नियमात आहे; तिन्ही पुरावे कायम राहिले पाहिजेत. त्यामुळे अकरा तारखेचा अर्ज पंधरा ऑगस्टनंतर द्यायचा ठरला. मग गणपती आले. गणपतीत कचेऱ्या नीट चालत नाहीत, हे मी आतला माणूस म्हणून सांगतो.

दरम्यान लीलाताईंनी आपल्या परीने खटपट केली. बहिणीच्या आजारपणासाठी चार दिवस धुळ्याला जाऊ द्यावं, असा अर्ज त्यांनी दिला. तो परत आला. आजारी व्यक्तीच्या स्वाक्षरीचं संमतिपत्र हवं होतं. मंजिरीबाईंचा उजवा हात चालत नाही, असं त्यांनी लिहून कळवलं. त्यावर डाव्या हाताचा अंगठा चालेल, अशी सवलत मिळाली, मात्र तो इंदूरला येऊन अधिकाऱ्यासमोर उठवावा लागणार होता.

सप्टेंबरात एका शुक्रवारी पहाटे मंजिरीबाई गेल्या. लीलाताई सकाळी साडेदहाला कचेरीच्या दारात उभ्या होत्या. अंत्यविधीला जाण्यासाठी जिल्ह्याबाहेर सोडतात, तशी तरतूद आहे. पण अर्ज सात दिवस आधी द्यावा लागतो. त्यांनी तो त्याच दिवशी दिला. आठव्या दिवशी मंजुरी आली: एका दिवसासाठी, सूर्यास्तापूर्वी परत येण्याच्या अटीवर. त्या गेल्या नाहीत.

हे मला त्यांनीच सांगितलं. त्यानंतरच्या सोमवारी मी जप्तीच्या पंचनाम्याची प्रमाणित प्रत घ्यायला गेलो होतो. परवान्याशेजारी ती चौकटीत शोभून दिसेल असं सुजयने सुचवलं होतं. लीलाताई बाकावर बसल्या होत्या. मला बघून त्यांनी सरकून जागा केली.

“तुम्हाला मंजुरी मिळाली होती ना?” मी विचारलं. “मग का नाही गेलात?”

“जाऊन बोलू कोणाशी?”

मी त्यांच्या शेजारी टेकलो. त्या म्हणाल्या, “शेवटच्या दिवशी फोनवर खूप बोलली. निम्मं मलाही कळलं नाही.” आणि मग, “तुमची पाटी लागली का?”

“लागली.”

“बरं झालं.”

त्या हे मनापासून म्हणाल्या. टोमणा असता तर मला पेलला असता, चौतीस वर्षं तेच ऐकलंय. मला तिथे बसवेना. पंचनाम्याची प्रत घेऊन मी तडक घरी आलो आणि त्याच दुपारी तक्रार मागे घेण्याचा अर्ज लिहून काढला. एका पानाचाच झाला. खाली तारखेची जागा कोरी ठेवली आहे. साहेबांशीही बोललो. ते म्हणाले, मुख्य निकड बहिणीची होती, ती आता उरली नाही, तेव्हा सावकाश द्या. मलाही ते पटलं. लीलाताईंना आता तशी कुठे जायची घाई नाही.

रविवारची फेरी जोरात चालू आहे. आजवर साडेतीनशेच्या वर माणसं येऊन गेली. भोपाळहून आली, उज्जैनहून आली, एक कुटुंब तर पुण्याहून आलं होतं. मी कोणापासून काही लपवत नाही. परवान्याखाली उभा राहून, आत्ता तुम्हाला सांगितली तशीच ही सगळी हकीकत त्यांना सांगतो, बहिणीसकट. माणसं फार हळवी असतात हो. ऐकताना बायका डोळे पुसतात, पुरुष ‘काय ही यंत्रणा!’ म्हणून मान हलवतात, एका बाईंनी तर पोह्यांची बशी खाली ठेवली होती. लीलाताई कुठे राहतात, सोमवारी किती वाजता बाकावर असतात, तेही मी सांगतो. अजून तरी कोणी तिकडे गेल्याचं माझ्या कानावर नाही. तेवढा वेळही नसतो त्यांना, पुढच्या घरी हुक्का बघायचा असतो.

तुम्हीही एखाद्या रविवारी जरूर या. तुम्हालाही वाईट वाटलं असेल, ते दिसतंच आहे. हळहळून झालं की परवान्याचा फोटो काढता येतो. फ्लॅश तेवढा बंद ठेवा, काचेवर चमक येते.